गाडीचा पोचा घरी निघतो का? मोठा निघेल, छोटा हट्टाला पेटेल

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घरात असेल तर एक गंमत करून बघा. त्याच्या मोठ्या सपाट बाजूवर अंगठ्याने दाबा. ‘टबक्’ असा आवाज करत पत्रा आत जाईल. अंगठा काढला की कधी आपोआप बाहेर येईल, कधी आतच बसून राहील. पण आतून हात घालून जरा ढोसलं की पुन्हा ‘टबक्’, आणि डबा होता तसा. आता त्याच बाजूवर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवा आणि वरून हातोडी मारा. शेंगदाण्याएवढा खड्डा पडेल. तो आतून ठोकून सपाट करून दाखवा. खड्डा गेला तर शेजारी टेंगूळ येईल, टेंगूळ दाबलं तर तिसरीकडे पत्रा टबक-टबक करायला लागेल.

गाडीच्या पोच्याचं सगळं शास्त्र या डब्यात आहे. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण एटीएम कार्डाएवढा जाड असतो, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या उथळ पोच्यात तो नुसता वाकून आतल्या बाजूला जाऊन बसलेला असतो. मूळ जागी यायची त्याची ओढ शिल्लक असते, फक्त भोवतीच्या वळ्यांनी त्याला अडवून धरलेलं असतं. टोकदार छोट्या पोच्यात मात्र पत्रा ताणला गेलेला असतो. तिथे तो लांब झाला, पातळ झाला आणि वर कडकही झाला. तार एकाच जागी दोन-चारदा वाकवली की तिथे कडक होते, तसा. त्याला कुठेही परत जायचं नसतं.

म्हणून ‘छोटासाच आहे हो, घरच्या घरी निघेल ना?’ हा प्रश्न ऐकला की मला हसू येतं. गेली बारा वर्षं मी पुण्यात एकच हॅचबॅक दोन खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये घालतो-काढतो, म्हणजे पोच्यांचा अनुभव किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ताटाएवढा पोचा मी दहा मिनिटांत काढलाय. सुपारीएवढ्याने मला दोन रविवार दमवलं आणि शेवटी तो जिंकला.

आधी पोचा नीट बघा

बहुतेक जण इथेच चुकतात. पोचा दिसला की त्यावर उकळतं पाणी ओतायला किटली ठेवायला धावतात. आधी ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. धुळीवर काहीही दाबलं किंवा चिकटवलं की ओरखडे येणार, आणि पोच्यापेक्षा ते जास्त छळतात.

मग संध्याकाळी पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली गाडी उभी करा आणि त्या ट्यूबचं प्रतिबिंब पत्र्यावर कसं पडतंय ते डोकं हलवत बघा. चांगल्या पत्र्यावर ट्यूबची रेघ सरळ किंवा एकसारखी बाकदार दिसते. पोच्यापाशी ती रेघ वाकते. हळूच, गोलाईने वाकली तर पोचा मऊ आहे. एकदम मोडली, तिला कोपरा आला, तर तिथे धार आहे, म्हणजेच पत्रा ताणलाय. पोचा किती मोठा आहे यापेक्षा ही रेघ मोडते की वळते यावर सगळं अवलंबून आहे. गॅरेजवाले पट्ट्यापट्ट्यांचा दिवा धरून बघतात ते हेच. ट्यूब नसेल तर छत्रीची दांडी किंवा लांब पट्टी पत्र्याजवळ धरूनही प्रतिबिंब वाचता येतं.

पुढचं काम चुंबकाचं. फ्रिजवर चिठ्ठी लावायचा पातळ चुंबक मऊ कपड्यात गुंडाळून त्या जागी लावा. चिकटला तर लोखंडी पत्रा. चिकटला नाही तर तीन शक्यता: तो भाग प्लास्टिकचा आहे, अॅल्युमिनियमचा आहे (काही गाड्यांचं बोनेट तसं असतं), किंवा खाली आधीच्या दुरुस्तीतली लांबी (खड्डा भरायची पुट्टी) जाड थापलेली आहे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर ही तिसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. पुन्हा रंगवलेल्या भागाची आणखी एक खूण असते. रंगाचा पोत संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत दिसतो, आणि काचेच्या रबराच्या कडेवर रंगाचे बारीक तुषार सापडतात. अशा भागावर काहीही ओढायचं नाही. का, ते पुढे सांगतो, कारण मी ओढलंय.

शेवटी नखाने चाचपून बघा, रंगाला चीर गेली आहे का. गेली असेल तर पोचा हा दुय्यम प्रश्न झाला, पहिला प्रश्न गंजाचा.

बंपर: इथे आधणाचं पाणी खरंच चालतं

घरगुती उपायांपैकी डोळे मिटून भरवसा ठेवावा असा हा एकच. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक वितळायला १६० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण त्याच्या बरंच आधी ते नरम पडतं आणि साच्यातून निघालं तेव्हाच्या आकाराकडे परत जायला बघतं. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे प्लास्टिक नरम होतं पण जळत नाही. रंगालाही ते सोसतं. विदर्भात मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या गाडीचा बंपरवरचा उथळ पोचा आपोआप भरून आलेला लोकांनी पाहिलाय, तो याच कारणाने.

माझा मागचा बंपर सोसायटीच्या खांबाला टेकला होता. अर्ध्या कलिंगडाएवढा पोचा, रंग शाबूत. तो काढताना जे केलं ते क्रमाने सांगतो.

आधी मागून हात जातो का ते पाहिलं. चाकाच्या वरचं काळं प्लास्टिकचं अस्तर आणि बंपरच्या खालच्या काठाच्या दोन-तीन क्लिपा काढल्या की बहुतेक गाड्यांत हात शिरतो. क्लिपांचा मधला खिळा आधी उचकटायचा, मग पूर्ण क्लिप. उलट केलं तर ती तुटते. मी दोन तोडल्या. आत हात घालून चाचपलं: पार्किंग सेन्सरची वायर कुठून जाते, बंपर आणि आतल्या लोखंडी दांडीच्या मध्ये थर्मोकोलसारखा जो ठोकळा असतो तो फुटला तर नाही ना. तो फुटला असेल किंवा दांडी वाकली असेल तर पाणी उकळू नका, गॅरेजमध्ये जा. पुढच्या टकरीत मार खाणारी वस्तू ती आहे. बंपरमागे रडार असलेल्या नव्या गाड्यांत त्या भागाला हात न लावलेलाच बरा. तो जरा तिरका झाला तरी गाडीला समोरचं चुकीचं दिसायला लागतं.

मग तीन लिटर पाणी खळखळ उकळलं. पातेल्यापेक्षा चोचीची किटली बरी, धार ताब्यात राहते. हातात जाड रबरी मोजे, पायात बूट. चपला नकोत, कारण पाणी बंपरवरून निथळून थेट पायावर येतं. आणि हे करताना आजूबाजूला पोरं नकोत. आमच्या पार्किंगमध्ये असलं काही चाललंय म्हटल्यावर पाच मिनिटांत सात पोरं गोळा होतात.

पाणी फक्त पोच्यावर ओतायचं नाही. पोच्याच्या भोवती वीतभर जागेवर, वरून खाली, हळूहळू. पोच्याची कडच त्याला अडवून धरते, म्हणून आधी ती नरम पडली पाहिजे. साधारण दीड लिटर पाणी मिनिटभर ओतलं आणि लगेच मागून तळहाताने रेटलं. बोटांनी नाही, तळहाताने. बोटांनी रेटलं की चार बोटांची चार टेंगळं बाहेर दिसतात. रेटायला सुरुवात मधोमध नको, कडेकडून मध्याकडे. पहिल्या वेळी अर्धा निघाला. दुसऱ्या वेळी ‘भुप्प’ असा आवाज झाला आणि बंपर गोल. त्यावर लगेच तांब्याभर गार पाणी, म्हणजे तो आकार धरतो.

पूर्ण गेला का? नाही. जिथे खांबाची कड लागली होती तिथे बोटभर लांबीची पुसट रेघ अजून आहे. ती मला दिसते, मी दाखवली तर तुम्हाला दिसेल, आणि न दाखवता कुणालाच दिसलेली नाही.

हात मागे जातच नसेल तर गरम पाण्यानंतर बाहेरून प्लंजर (बेसिनचा रबरी पंप) लावून ओढता येतं. किटलीऐवजी केस वाळवायचा ड्रायरही चालतो, वेळ जास्त लागतो एवढंच. मात्र रंग खरवडायची हीट गन नको. ती कित्येकशे अंशांची हवा फेकते, आणि रंगाला फोड यायला काही सेकंद पुरतात. थंडीतल्या सकाळी गार बंपर नुसताच जोर लावून रेटू नका. प्लास्टिक वळेल, पण त्यावरचा रंग तडकेल.

मग पत्र्यावर तेच पाणी का चालत नाही?

कारण पत्रा १०० अंशांना नरम पडत नाही. पोलादात बसलेला ताण घालवायचा तर ६०० अंशांच्या पुढे जावं लागतं, तोवर रंग, रबर, अस्तर सगळं राख झालेलं असेल. कारखान्यात रंगाचे थर पक्के करायला गाडीचं अख्खं धड १४० ते १८० अंशांच्या भट्ट्यांतून जातं आणि त्याचा आकार तसूभर बदलत नाही. उलट अनेक गाड्यांच्या दारांना आणि बोनेटला असं पोलाद वापरतात जे त्या भट्टीत आणखी कडक होतं, पोचे कमी पडावेत म्हणून. त्यावर आपण चहाची किटली घेऊन जातो.

‘ड्रायरने तापवा आणि लगेच बर्फ किंवा गार वायू मारा, टणकन बाहेर येईल’ हाही त्याच जातीचा सल्ला. पोलादाची १० सेंटिमीटरची पट्टी ६० अंशांनी तापवली तर तिची लांबी वाढते ०.०७ मिलिमीटर, साधारण केसाच्या जाडीएवढी. पोचा अगदी काठावर बसलेला असेल, तेलाच्या डब्यासारखा टबक-टबक करणारा, तर एवढा धक्का कधी कधी पुरतो. व्हिडिओत दिसतात ते असलेच पोचे. पण तो पोचा अंगठ्यानेही निघाला असता. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा डबा उलटा धरून गार फवारा मारायची जी युक्ती आहे, तिच्यात आणखी एक गोम आहे: त्या डब्यांतला वायू बहुधा ज्वलनशील असतो आणि शेजारी तापलेला ड्रायर असतो. ड्राय आइस तर उणे ७८ अंशांचा. उघड्या हाताला फोड आणतो आणि रंगाला बारीक चिरा पाडू शकतो.

प्लंजर: हसू नका, पण स्वच्छ घ्या

बेसिन तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप. हार्डवेअरच्या दुकानात नवा घ्या. बाथरूममधला नको, त्याच्या कडेला अडकलेली वाळू रंगावर गोल ओरखडा काढते. वाटीच्या आकाराचा साधा पंप हवा, खाली नळी असलेला कमोडचा नको, त्याची कड सपाट बसत नाही.

हा चालतो कुठे? दाराच्या मधोमध, मागच्या सपाट पत्र्यावर, कधी बोनेटवर. पोचा पंपाच्या तोंडापेक्षा मोठा हवा, उथळ हवा, आणि त्यात धार नको. रबराची कड सपाट जागी बसली तरच हवा ओढली जाते. पोचा लिंबाएवढा असेल तर पंप पोच्याच्या बाहेर टेकतो आणि तुम्ही चांगला पत्रा ओढत बसता.

पत्रा आणि रबर दोन्ही साबणाच्या पाण्याने ओले करा. पंप पोच्याच्या मधोमध ठेवून हलकेच दाबा. इथेच घोळ होतो: जोरात दाबलं तर पोचा आणखी आत जातो. दाबणं हळू, ओढणं झटक्यात आणि सरळ, पत्र्याला काटकोनात. तिरकं ओढलं की हवा सुटते. पाच-सहा वेळा ओढून काहीच हललं नाही तर थांबा. निघायचा असेल तर तो पहिल्या काही झटक्यांतच निघतो.

माझ्या मागच्या दाराला क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एकाची पाठ आपटली होती. ताटाएवढा पोचा, प्रतिबिंबाची रेघ गोलाईने वळलेली, कुठेही मोडलेली नाही. तिसऱ्या झटक्याला निघाला. पोरगंच शेजारी उभं होतं, घाबरलेलं. त्यानेच टाळ्या वाजवल्या.

काच उचलायचे कप असतात, तेही याच तत्त्वावर चालतात आणि पकड जास्त धरतात. तत्त्व एकच असल्यामुळे त्यांची मर्यादाही एकच.

मागून हाताने

बोनेट, डिकीचं दार आणि पुढची मडगार्डं यांना मागून हात लागतो. बोनेटखालचं कापडी अस्तर क्लिपांवर असतं, ते काढता येतं. लाटण्याचं गोल टोक जुन्या मोज्यात गुंडाळा, एकाला बाहेरून प्रतिबिंबाकडे बघत बसवा आणि आतून हळूहळू दाबा. ठोकायचं नाही, दाबायचं. आधी पोच्याच्या काठाने गोल फिरत, मग आत आत. मधोमध एकदम दाबलं तर पत्रा ताणला जातो आणि बाहेर टेंगूळ येतं, मग दोन दुखणी. बाहेर बसलेल्या माणसाने ‘अजून, अजून, बास’ म्हणायचं असतं. आमच्या घरी हे काम बायकोकडे असतं आणि तिचं ‘बास’ माझ्या अंदाजाच्या नेहमी आधी येतं. तिचंच बरोबर निघतं.

दारात हे जमत नाही. आत काच, तिची यंत्रणा, वायरी आणि धडक सोसायची लोखंडी दांडी असते. दाराचं अस्तर उघडून आत काहीतरी खुपसायचा मोह आवरा. छताच्या कडा आणि दारांमधले खांब यांना तर हातच लावू नका, तिथे पडदा-एअरबॅग (टकरीत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते.

गोंदाचं किट

ऑनलाइन मिळतं: गरम गोंदाची बंदूक, पोच्यावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या छोट्या छत्र्या आणि त्या ओढायला छोटा पूल (स्क्रू फिरवून छत्री खेचणारी चौकट) किंवा सरकता हातोडा. हाच तो उपाय ज्याने लिंबाएवढे पोचे घरी बऱ्यापैकी निघतात, आणि हाच तो ज्याने घरी सगळ्यात जास्त नुकसानही होतं.

रंग कारखान्यातलाच असेल तरच करा. मी माझ्या डाव्या मडगार्डवर केलं. ते कधीतरी आधी रंगवलेलं होतं आणि चुंबकाची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. तिसऱ्या ओढीला छत्री बाहेर आली, तिच्याबरोबर पाच रुपयांच्या नाण्याएवढा रंग, त्याखालचा प्रायमर आणि त्याखालची पिवळसर लांबी. पोचा जिथल्या तिथे. कारखान्यातले रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरतात, पण भट्टीत पत्र्याला घट्ट धरून बसलेले असतात. लांबीवरच्या रंगाची तेवढी पकड नसते.

रंग मूळचा आहे याची खात्री असेल तर असं करा. जागा साबणाने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वॅक्सचा लवलेश राहता कामा नये. पोच्यापेक्षा जरा लहान छत्री निवडा. तिच्यावर गोंद लावा, पोच्याच्या सगळ्यात खोल जागी टेकवा, पण पूर्ण दाबू नका. मध्ये दोन-तीन मिलिमीटर गोंदाचा थर राहू द्या. आता थांबा. गोंद हाताला कोमट लागेपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं. गरम असताना ओढला तर च्युइंगमसारखा लांबतो, अगदी गार झाला तर कटकन सुटतो. म्हणूनच हे काम एप्रिलच्या दुपारी उन्हात करू नका, सकाळी सावलीत करा.

पूल लावा आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्यांनी फिरवा. छत्री सुटेल, सुटू द्या. राहिलेल्या गोंदाच्या काठाला अल्कोहोलचे थेंब सोडा, अर्धं मिनिट थांबा, तो नखाने सोलून निघतो; चाकू-सुरी लावू नका. पुन्हा प्रतिबिंब बघा. एका ओढीत पोचा जात नाही, दहा-पंधरा ओढी लागतात, आणि दर वेळी खड्ड्याचा आकार बदलतो म्हणून छत्रीची जागाही बदलायची.

कुठेतरी जास्त ओढलं जाऊन टेंगूळ येणारच. त्यावर गोल केलेलं नायलॉनचं टोक ठेवून हलक्या हातोडीने टिचक्या मारा, बोटाने कॅरमची सोंगटी मारता तेवढ्याच जोराच्या. ऐंशी टक्के सुधारला की मी किट पेटीत ठेवतो. उरलेल्या वीस टक्क्यांच्या मागे लागलो की टेंगळं वाढतात.

आणि सुपारीएवढा टोकदार पोचा असेल, किंवा दारावरून जी ठळक रेघ पुढून मागे जाते तिच्यावर पोचा पडला असेल, तर किट विकत घेण्याआधीच विचार सोडा.

जे पोच्यासाठी नाहीच

टूथपेस्ट ही बारीक घासणारी पेस्ट आहे. दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग किंवा वरवरची खरचट ती थोडी पुसते, खड्डा भरत नाही. जोरदार चुंबकाने पोचा ओढायची युक्ती म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याशी फुकटची कुस्ती, त्यात रंग घासला जातो. पोच्यात भोक पाडून स्क्रू बसवून ओढणं ही जुन्या काळची पद्धत, पुढे लांबी आणि रंग करायचाच असेल तर ठीक. नाहीतर तुम्ही दुरुस्तीच्या नावाखाली गंजाला दार उघडून देताय.

बाहेर द्यायचं तर काय विचारायचं

रंग शाबूत असलेला पोचा घरी निघाला नाही तर सरळ डेंटिंग-पेंटिंगला टाकू नका. रंग न खरवडता, मागून बारीक सळया घालून पोचा दाबून काढणारे कारागीर असतात, त्या कामाला पीडीआर म्हणतात. वर मी लाटण्याने केलं तेच, फक्त हात वर्षानुवर्षं तयार झालेला. गारपिटीने पडलेल्या पोच्यांना हीच पद्धत उत्तम: पोचे अनेक, लहान, गोल आणि रंग न फुटलेला. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भात झालेल्या गारपिटीसारख्या प्रसंगात छत आणि बोनेट दोन्ही चाळण झाल्यासारखी दिसतात. तिथे घरी गोंद लावत बसलात तर दिवाळी येईल.

आमच्या गल्लीतल्या डेंटरदादांना मी माझा सुपारीएवढा पोचा दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही याच्यावर हात चालवलाय. आता पत्रा लूज झालाय.” मी कबूल केलं. “आधी आणला असता तर सळईने काढणाऱ्याकडे पाठवलं असतं. आता लांबी भरून रंग. नाहीतर राहू द्या.”

विचारायचे प्रश्न तीनच. रंग न लावता होईल का? लांबी किती जाड भराल? आणि रंग फक्त तेवढ्या जागी की पूर्ण दाराला? तेवढ्याच जागी लावलेला मेटॅलिक रंग उन्हात ठिगळासारखा दिसतो.

विमा: क्लेम करावा का?

एका पोच्यासाठी सहसा नाही. हिशेब मांडून बघा. दर क्लेमला कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपण भरायचा ठरलेला वाटा, खिशातून जातं: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या गाडीला २,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याची पुरवणी) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर आणि रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात. आणि मोठा फटका नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीला बसतो. तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर पोचतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो.

धरा, तुमचा ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस वजा करण्याआधी ८,००० आहे आणि बोनस ५० टक्के. क्लेम केला तर पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के गेले. त्यानंतर एकही क्लेम नाही केला तरी बोनस पुन्हा ५० वर येईपर्यंत दर वर्षी अनुक्रमे ३०, २५, १५ आणि ५ टक्के कमी मिळतात. बेरीज १२५ टक्के. प्रीमियम तेवढाच राहिला असं मानलं तर १०,००० रुपये. दाराच्या एका पोच्याचं बिल बऱ्याचदा याच्या आतच असतं. बोनस राखणारी पुरवणी घेतली असेल तर गणित बदलतं, पॉलिसी उघडून बघा.

रंग फुटला असेल तर

पोचा राहू द्या, पण उघडा पत्रा राहू देऊ नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या हवेत दोन पावसांत तिथे तपकिरी फोड येतो आणि रंगाखालून पसरत जातो. कोरड्या दिवशी गंज बारीक पॉलिश पेपरने घासून पत्रा उजळ करा, अल्कोहोलने पुसा, काडीच्या टोकाने प्रायमरचा ठिपका ठेवा आणि तो वाळला की गाडीच्या रंगाच्या टच-अपचे दोन-तीन पातळ हात. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. ‘सिल्व्हर द्या’ म्हणून दुकानात गेलात तर सिल्व्हरचे पाच प्रकार समोर येतील. वरून क्लिअरचा (पारदर्शक थराचा) एक हात द्या. पावसाळ्यात करायचं तर दोन दिवस उघडीप पाहून, कारण ओलसर पत्र्यावर लावलेला रंग गंजाला आतच कोंडून ठेवतो.

माझ्या मडगार्डवरच्या नाण्याएवढ्या जागेला मी हेच केलंय. जवळून बघितलं तर ठिगळ कळतं. सुपारीएवढा पोचाही तसाच आहे, मागच्या दाराच्या कडीपासून चार बोटं खाली.